समुद्रात हद्द ओलांडल्याचा जबाब

माझा मामेभाऊ समुद्रात पकडला गेला ही बातमी म्हसवडजवळच्या आमच्या आजोळी पोचली, तेव्हा गावातून पहिला प्रश्न असा आला की तो समुद्रात करत काय होता. प्रश्न रास्त होता. गावाला त्या वर्षी टँकर सुरू होता, आणि मामाच्या घराण्यात मेंढरांमागे कोकणच्या तोंडापर्यंत गेलेली माणसं होती, पण घाट उतरून पाण्यापर्यंत कुणी पोचलं नव्हतं. मामेभाऊ मुंबईला गोदीत पोती उचलायला गेला आणि काही वर्षांनी पोत्यांमागोमाग बोटीवर चढला. त्याचा दर्यावर्दी इतिहास एवढाच.

मी तेव्हा सांगलीत, विश्रामबागच्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत होतो. ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ हा माझा विषय. मामाच्या मते ज्याला दोन देशांमधली भांडणं शिकवता येतात त्याला ती सोडवताही येत असणार. शिक्षणावर इतका विश्वास मी पुढे कुणाचा पाहिला नाही. मामा आणि मामेभावाची बायको एसटीने सांगलीला आले, माझ्या बाहेरच्या खोलीत बसले, आणि मामा म्हणाला, “तुझ्या वळकीचा कोन आसंल त्याला सांग. पोरगं घरी आलं पायजे.” चहा घेऊन दोघं दुपारच्या गाडीने परतही गेले. मेंढरं शेजाऱ्यावर सोपवली होती.

तो समुद्र म्हणजे दक्षिण चीन समुद्र. त्याच्या काठी बसलेल्या देशांपैकी सहा जणांचं म्हणणं आहे की तो सगळा, किंवा त्याचा चांगला मोठा तुकडा, आमचा आहे. एकाने नकाशावर तुटक रेघा ओढून जवळजवळ सगळाच आपल्याकडे घेतला आहे. दुसरा सांगतो की आमचे कोळी बापजाद्यांपासून तिथे जात होते. जणू बाकीच्यांचे कोळी घरी बसून होते. तिसरा फूटपट्टी घेऊन आपल्या किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैल मोजतो आणि ती पट्टी चौथ्याच्या अंगणात जाऊन टेकते. मध्ये काही खडक आहेत. त्यांतले बरेचसे भरतीला दिसेनासे होतात. अशा खडकात खांब रोवून त्यावर खोपटं उभं करायचं, खोपटावर झेंडा लावायचा, झेंड्याखाली चार शिपाई बसवायचे आणि हे आमचं बेट म्हणून जाहीर करायचं, असा तिथला उद्योग आहे. बेट मिळालं की भोवतालचं पाणी मिळतं, आणि पाण्याखाली तेल असल्याचा वास सगळ्यांनाच आला आहे.

मामेभावाची बोट म्हणजे एक जुनाट टग, मोठी जहाजं ओढणारी छोटी बोट होती. तेल शोधणाऱ्या मोठ्या जहाजाला ती डिझेल, तांदूळ आणि दोरखंड पोचवायची. तिच्यावर झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशाचा, कप्तान तिसऱ्या देशाचा. तेल शोधायचा परवाना किनाऱ्यावरच्या एका देशाने दिलेला होता आणि धरलं दुसऱ्याच्या गस्ती नावेने. या दोन देशांची नावं मी मुद्दाम घेत नाही. घेतली की कोण बरोबर यावर लगेच चर्चा सुरू होते आणि माझा मामेभाऊ पुन्हा बाजूला पडतो. हे मी इतक्या वेळा पाहिलं की शेवटी मी नावंच गाळायला लागलो.

पहिल्यांदा मी साताऱ्यातल्या एका कचेरीत गेलो, कारण मामाचं गाव त्या जिल्ह्यात येतं. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि समुद्र आपल्या जिल्ह्यात येत नसल्याचं सांगितलं. मी म्हटलं, माणूस येतो. त्यावर ते म्हणाले की माणूस सध्या जिल्ह्याबाहेर आहे. मग मुंबईत बोटीवर माणसं भरणाऱ्या एजंटाकडे गेलो. त्याच्या दाराला कुलूप होतं, आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याने ते बरेच दिवस असल्याचं आनंदाने सांगितलं. मग दिल्लीला लिहिलं, तिथून सभ्य भाषेत उत्तर आलं. संबंधित क्षेत्राच्या मालकीबद्दल वाद असून आपण त्यात कुणाचीही बाजू घेत नाही. सुटकेची औपचारिक मागणी एका देशाकडे केली तर ते पाणी त्याचं असल्याचं मान्य केल्यासारखं होईल, दुसऱ्याकडे केली तर दुसऱ्याचं. म्हणून परिस्थितीवर लक्ष ठेवण्यात येत आहे.

ते वाचून मी संतापलो, आणि आज इतक्या वर्षांनी लिहितानाही तो संताप फारसा उतरलेला नाही. पाण्याची मालकी ठरत नाही तोवर त्या पाण्यात सापडलेल्या माणसाची विचारपूससुद्धा करायची नाही? पाणी युगानुयुगं तिथेच राहणार आहे, त्याला वाट पाहता येते. चाळिशीला आलेल्या, दोन पोरींच्या बापाला ती कशी पाहता येणार?

नेमक्या त्याच दिवसांत आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेत ‘समुद्र कुणाचा?’ हा विषय आला. सागरी कायद्याचा मोठा करार नुकताच अमलात आला होता, त्यामुळे विषय ताजा होता. वक्ते म्हणजे परराष्ट्र व्यवहारात आयुष्य घालवलेले एक निवृत्त अधिकारी. आम्ही त्यांना शाल, श्रीफळ, गणपतीची पंचधातूची मूर्ती आणि हळदीच्या बाजारपेठेची आठवण म्हणून हळदीचा हार दिला. प्रास्ताविक, परिचय, परिचयाला पुरवणी आणि स्वागतगीत संपेपर्यंत मागच्या रांगा निम्म्या रिकाम्या झाल्या होत्या. मग प्रोजेक्टरवर नकाशा लागला. त्यांनी छडीने रेघा दाखवल्या, खडकांची तीन-तीन भाषांतली नावं सांगितली. सार्वभौमत्व हा शब्द ते इतक्या मायेने उच्चारत की पुढच्या रांगेतल्या विश्वस्तांचे डोळे मिटू लागले. माणूस विद्वान होता, त्यात शंका नाही. त्या समुद्रात किती प्रकारचे दावे आहेत हे मला त्या दिवशी प्रथमच नीट कळलं.

प्रश्नोत्तरांच्या वेळी मी उभा राहिलो. या रेघांच्या मध्ये एखाद्या बोटीवरचा खलाशी धरला गेला तर त्याने दाद कुणाकडे मागायची, असं विचारलं. त्यांनी हसून मान डोलावली आणि आज आपण राष्ट्रांचा विचार करत आहोत, व्यक्तिगत प्रश्न बाजूला ठेवू, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. का पडल्या ते मला ठाऊक नाही. जेवणाच्या वेळी मी त्यांना गाठून मामेभावाची हकीकत सांगितली. त्यांचे डोळे चमकले. एकाच वेळी दोन देशांचे दावे तपासून पाहता येतील असं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं, सगळी कागदपत्रं पाठवा, मी पुस्तक लिहितो आहे, असं म्हणून त्यांनी आणखी एक पुरणपोळी घेतली. मी कागदपत्रं पाठवली. त्यांच्या हातून कुणाला तरी एखादा फोन जाईल अशी आशा होती. त्यांच्याकडून आला तो आभाराचा दोन ओळींचा मजकूर.

काही आठवड्यांनी रत्नागिरीकडून फोन आला. त्या टगवर स्वयंपाक करणारा एक माणूस बोलत होता. तो म्हणाला की आम्ही सगळे सुटून आलो, तुमचा माणूस तेवढा तिथेच आहे. कारण विचारलं तर सांगायला थोडा अवघडला. सुटकेसाठी एका कागदावर सही द्यायची होती: आम्ही अमुक देशाच्या समुद्रात विनापरवाना शिरलो, याबद्दल दिलगीर आहोत. कप्तानाने दिली, बाकीच्यांनी दिली. माझ्या मामेभावाने कागद परत सरकवला.

“आम्ही लय समजावलं हो,” तो म्हणाला. “तो म्हणतो, हद्द ओलांडली असं आमच्या घरात कोणी लिहून देत नाय.”

दुसऱ्या कुणाला यात वेडेपणा दिसला असता; मला त्यात सरळ आजोळ दिसलं.

मामाच्या बापाचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, शेजाऱ्याशी बांधावरून वाद झाला होता. औत वळवताना बैल दोन पावलं पलीकडे गेले एवढंच निमित्त. गावात आलेल्या साहेबाने आजोबांना समजावलं की, बाबा, बैल पलीकडे गेले असा जबाब दे, अंगठा कर, मिटवून टाकू. आजोबांनी अंगठा केला. पुढे मोजणी आली तेव्हा तोच जबाब समोर ठेवला गेला: यांनीच कबूल केलंय की बांधापलीकडची जमीन यांची नाही. बांध सरकला. त्या पट्ट्यात चार कडुलिंबं होती आणि दुपारी मेंढरं तिथे बसायची. तेव्हापासून त्या घरात एक नेमच पडला. चूक झाली असेल तर सिद्धनाथाच्या देवळाच्या पायरीवर चारचौघांत कबूल करायची, समोरच्याच्या पाया पडायचं, नुकसान भरून द्यायचं. पण दुसऱ्याच्या हद्दीत गेलो असं कागदावर द्यायचं नाही. त्या भागात बांधावरून भांडलेल्या बऱ्याच घरांत हे आहे. पोरांना पाढ्यांच्या आधी हे शिकवतात. मामेभाऊ ते शिकून दक्षिण चीन समुद्रात गेला होता, आणि ज्या पाण्यात त्याचं वीतभरसुद्धा काही नव्हतं त्याच्या हद्दीसाठी तुरुंगात बसला होता.

मी म्हसवडला गेलो. मामा दावणीपाशी एका मेंढीच्या पायातला काटा काढत होता. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं की तो कपाळाला हात लावेल. त्याने काटा काढला, मेंढी सोडली आणि म्हणाला, “बरुबर केलं त्यानं.”

मी समजावू लागलो. हा बांध नव्हे, ते पाणी आपलं नाही, कुणाचंही असलं तरी आपलं काही जात नाही, सही दिली की तो सुटतो. पंचवीस मुलांच्या वर्गाला समजावतो तसं समजावलं. मामेभावाची बायको चुलीपाशी होती, ती बाहेर आली. सासऱ्यासमोर ती एरवी फार बोलत नसे.

“आवं आबा, त्यो काय आपला बांध हाय व्हय?” ती म्हणाली. “दर्या नेऊ दे की कुनाला बी.”

“बांध कुनाचा बी आसू दे,” मामा म्हणाला. “कागुद त्याच्या नावचा ऱ्हातो.”

“आन मानूस? त्यो कुनाच्या नावचा ऱ्हातो?”

मामा उठून मेंढरांकडे गेला. ती मला म्हणाली की दादा, तुमी काय बी करा आन त्यांचं बोलनं घडवून आना. आबांनी सांगितल्याबिगर ते सही करायचे न्हाईत.

परदेशी बंदरांत खलाशांसाठी काम करणारी एक संस्था होती. त्या रत्नागिरीच्या स्वयंपाक्याने तिचा पत्ता दिला होता. एवढ्या सगळ्या प्रकरणात सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देणारी ती एकटी. तिथल्या एका बाईंनी कळवलं की अमुक दिवशी त्याला तुरुंगातून फोन करू देतील, पाच मिनिटं मिळतील, तुमचा नंबर द्या. फोन माझ्याकडे होता. मामा आणि ती आदल्या दिवशीच विश्रामबागला आले. मामा रात्री गच्चीवर झोपला, कारण पंख्याखाली त्याला झोप येत नसे. सकाळपासून तो फोनसमोर बसून होता. मध्येच कुणाचा चुकून फोन आला की मी पटकन ठेवून देत होतो, त्यात प्राचार्यांचाही एक गेला.

घंटी वाजली. मी उचलला. आवाज लांबून, विहिरीतून आल्यासारखा येत होता. मी त्याला घाईघाईने सांगितलं की सही कर, त्यात काही धोका नाही, मी कायदा पाहिलाय. तो म्हणाला, “दादा, तुमचं खरं हाय. पर आबाला इचारल्याबिगर कसं?” मी फोन मामाकडे दिला.

मामाने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. पाच मिनिटांतलं एक तरी त्याने नुसतं ऐकण्यात घालवलं. मी घड्याळाकडे बोट दाखवत होतो, सून पदर तोंडाला लावून उभी होती.

“खायाला काय देत्यात?” मामाने विचारलं. मग, “आन अंगावर काय घालत्यात?” मग पुन्हा थोडं ऐकून, “तितनं दर्या दिसतुया का रं?”

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

“भित्तीच? मग कुनाचा का आसंना. दे सही.” एवढं बोलून तो थांबला आणि पुन्हा म्हणाला, “सहीम्होरं तारीख घाल. न्हाईतर मागली घालत्यात.”

मग त्याने फोन सुनेकडे दिला. ती काय बोलली ते मी ऐकलं नाही. मामा आणि मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिलो. तो मला म्हणाला, “माज्या बानं अंगठा केला, मी सही करायला लावली. आमच्या घरात एक पिढी गेली का एक जागा जातीया.” मी त्याला सांगणार होतो की यात जागा जात नाही. सांगितलं नाही, आणि बरंच झालं.

कारण सही झाल्यावर थोड्याच दिवसांत त्या देशाने एक निवेदन काढलं, आणि आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रात ते आतल्या पानावर आलं. सदर समुद्र आमचाच असून, विदेशी खलाशांनीही हे लेखी मान्य केलं आहे, असं त्यात होतं. म्हणजे मोजणीच्या वेळी आजोबांचा जबाब पुढे आला तसाच माझ्या मामेभावाचा जबाब जगापुढे आला होता. मी ज्याला कायदा पाहून सांगितलं होतं की काही धोका नाही, त्याची सही एका राष्ट्राच्या दाव्याला टेकू म्हणून लावलेली होती. ज्या माणसाला भिंतीपलीकडचं काही दिसत नव्हतं, तो त्यांचा साक्षीदार.

इथवर मी समजू शकतो. राज्यं असंच वागतात, माझा पगारच ते शिकवण्यासाठी होता. मला खरी चीड आली ती आमच्या व्याख्यात्यांची. त्यांनी एका मराठी वृत्तपत्रात लेख लिहिला. माझ्याच कागदपत्रांतून घेतलेल्या तपशिलांसकट. लेख उत्तम होता, नकाशा सुबक होता. शेवटी त्यांनी खेद व्यक्त केला होता की सामान्य खलाशांनी तात्पुरत्या सुटकेपोटी एका पक्षाच्या दाव्याला बळ दिलं. त्यांनी थोडं धैर्य दाखवलं असतं तर या क्षेत्राचा समतोल टिकला असता. मी तो परिच्छेद तीनदा वाचला. धैर्य दाखवायचं कुणी? ज्याचा अर्ज साताऱ्यापासून दिल्लीपर्यंत कुणी पुढे सरकवला नाही त्याने? आणि कशासाठी? सहा जणांनी मिळून ज्या पाण्यात खांब रोवून ठेवलेत त्या पाण्याचा समतोल टिकवण्यासाठी? मी संपादकांना लांबलचक उत्तर पाठवलं. ते ‘वाचकांचा पत्रव्यवहार’मध्ये, चार ओळींत, रस्त्यावरच्या खड्ड्यांच्या तक्रारीखाली छापून आलं.

मामेभाऊ आला. वाळला होता, दाढी पांढरी झाली होती. मुंबईहून आलेल्या एसटीतून साताऱ्याच्या स्टँडवर उतरला तेव्हा त्याच्या हातात प्लॅस्टिकची एक पिशवी होती आणि तीत एक टॉवेल. बायको माझ्याबरोबर त्याला आणायला आली होती, तिने पिशवी त्याच्या हातून घेतली. म्हसवडपर्यंत दोघं एकाच बाकावर बसून गेले. मी पुढच्या बाकावर होतो.

चार दिवसांत गावात सत्कार ठरला. निवडणूक जवळ होती आणि तालुक्याच्या एका पुढाऱ्याला परदेशी शत्रूच्या तावडीतून सुटलेला माणदेशी माणूस मिळत होता. मांडव पडला, कर्णा लागला. व्यासपीठावर मामाला आणि मामेभावाला फेटे बांधून बसवलं. मलाही बसवलं, ‘आंतरराष्ट्रीय बाजू’ मांडण्यासाठी. पुढाऱ्याने पाऊण तास भाषण केलं. समुद्र कुठला हे त्याला ठाऊक नव्हतं, पण त्याने त्याचं काही अडू दिलं नाही. शेवटी आवाज चढवून तो म्हणाला की शत्रूने याच्यापुढे कागद ठेवला, पण आपला वाघ झुकला नाही, त्याने तो कागद तोंडावर फेकला.

टाळ्या वाजल्या. मामेभाऊ उठला आणि माइकपाशी गेला. त्याला बोलायला सांगितलेलं नव्हतं.

“न्हाई,” तो म्हणाला. “फेकला न्हाई. आधी दिली न्हवती सही, मग दिली. ह्यो दर्या तुमचा हाय, मी तुमच्या हद्दीत आलो, आसं लिवून दिलं. आबानं सांगितलं, घरी ये. म्हनून आलो.”

बायकांच्या बाजूला त्याची बायको ताठ बसली होती, आणि इतक्या महिन्यांत तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मामाने मान खाली घातली नव्हती. तो उठला, डोक्यावरचा फेटा काढून खुर्चीवर ठेवला, मुलाच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, “चल गड्या. ऊन कलतंय, मेंढरं सोडायची हायत.” दोघं व्यासपीठाच्या मागच्या पायऱ्यांनी उतरून गेले, सूनही दोन्ही पोरींना घेऊन उठली.

पुढाऱ्याने माइक परत घेतला. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, एकीवर फेटा होता. त्याने त्या खुर्च्यांकडे हात करून सत्कारमूर्तींच्या शौर्याबद्दल आणखी वीसेक मिनिटं सांगितलं आणि मग आंतरराष्ट्रीय बाजू मांडण्यासाठी माझं नाव पुकारलं.